चूक ज्याची, एसटी त्याची

आमच्या कंपनीत सगळेच मालक होते आणि खरा मालक सकाळी झाडू मारायचा. मलकापूरच्या बसस्टँडमागे एक कृषी केंद्र आहे. त्याच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि एक गच्ची, एवढीच कंपनी. साडेनऊला जिना चढून वर गेलं, की हातात झाडू आणि शर्टाच्या खिशात टेस्टर असलेला एक साठीचा माणूस म्हणायचा, "या मालकीनबाई. आज काय बिघडवाचं?" ते आमचे भाऊ. आम्ही सात जण होतो आणि सातही जण त्यांच्या लेखी मालक. एकदा मी विचारलं, सगळेच मालक तर तुम्ही कोण? म्हणाले, "मी किल्ल्या सांभाळतो. ज्यानं वस्तू केली तो तिचा मालक. बिघडली तरी तोच." मी ते हसण्यावारी नेलं.

आम्ही शेतातल्या मोटरपंपाला जोडायचं एक यंत्र बनवायचो. त्यात सिमकार्ड असायचं. शेतकऱ्यानं घरी बसून मिस्ड कॉल दिला की विहिरीवरची मोटर सुरू, दुसरा दिला की बंद. आणि विहिरीतलं पाणी संपलं तर मोटर कोरडी फिरून जळू नये म्हणून यंत्रानं ती आपोआप थांबवायची. हे शेवटचं काम सगळ्यात मोठं, कारण उन्हाळ्यात आमच्याकडच्या विहिरी अर्ध्या तासात तळ दाखवतात. कागदावर त्याचं नाव मोबाइल स्टार्टर होतं. भाऊ मात्र त्याला गिऱ्हाइकासमोरसुद्धा डबा म्हणायचे. "डबा म्हटलं की लोकाइले जेवन आठवते. स्टार्टर म्हटलं की भांडन आठवते."

मी शेगावात इंजिनिअरिंग केलं. वर्गातली निम्मी मुलं पुण्याला गेली, आणि मी "वर्षभर इथं कर, मग पाहू" या वडिलांच्या बोलीवर मलकापूरला आले. माझी मुलाखत भाऊंनी घेतलीच नाही. मी समोर बसले आणि त्यांचा फोन वाजला. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "उचला." पलीकडून एक शेतकरी वीस मिनिटं संतापून बोलत होता. मी हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर भाऊंनी विचारलं, "काय म्हने?" मी म्हटलं, त्यांची मोटर सुरू होत नाहीये. "ते त रोजचंच हाय. जेवला का तो?" मला काय माहीत? भाऊ जरा हिरमुसले, पण म्हणाले, "उद्यापासून या. तुमी ऐकलं तरी. बाकीचे पोट्टे मधातच म्हनतात, बंद करून चालू करा."

प्रत्येक डब्यावर त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर छापलेला असे. जेवताना, दाढी करताना, दवाखान्यात रक्तदाब मोजून घेताना ते फोन घेत. डॉक्टरांनी त्यांना एकदा बाहेर काढलं होतं. बिघाडाचं दोन मिनिटांत आटोपायचं आणि उरलेली पंधरा मिनिटं गाय व्याली का, पोरीचं जमलं का, याच्यात जायची. मी घड्याळ पाहायचे. मला तेव्हा सगळ्याच गोष्टी लवकर व्हायला हव्या होत्या.

छोट्या कंपनीत काम करावं की नाही, हे मला अजूनही पुण्यातल्या नव्या पोरी विचारतात. मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते. मी प्रोग्राम लिहिला, सोल्डरिंग केलं, डब्यावरचे स्टिकर चिकटवले, विहिरीच्या काठावर उभं राहून वायरी ओढल्या. माझ्या मैत्रिणी तिकडे दोन वर्षं एका बटणाच्या मागे होत्या आणि ते बटण कोण दाबतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला माझं बटण दाबणाऱ्यांची नावं पाठ होती. पण वीज गेली की अख्खी कंपनी उठून टपरीवर जायची. सुट्टीचा नियम नव्हता, म्हणून सुट्टीच घेता येत नव्हती, कारण माझं काम करणारं दुसरं कुणी नव्हतंच. अडलं तर विचारायला वर कोणी नाही. आणि पाहायला आलेल्या मंडळींना कंपनीचं नाव सांगितलं तर मुलाच्या काकांनी मोबाइलवर शोधलं आणि त्यांना खालचं कृषी केंद्र सापडलं. "म्हणजे बी-बियाण्यात आहे का मुलगी?" त्यांनी वडिलांना विचारलं. वडील आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

कंपनी वाढत नव्हती त्याला कारण भाऊच. नाशिकचा एक विक्रेता आला होता. मराठवाडाभर डबे विकतो म्हणाला, हजारांच्या गोष्टी करत होता. आम्ही सगळे खुर्चीच्या टोकावर. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तिथून एसटी संध्याकाळी परत येते का?" तो बावचळला. भाऊंचा हिशेब साधा होता. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्याच गावांत डबा विकायचा. लोणार म्हणजे आमची हद्द. त्यापलीकडे कोणी कितीही मागितला तरी नाही. मी त्या दिवशी भांडले त्यांच्याशी. विहिरीतल्या बेडकासारखी राहील ही कंपनी, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "बेडकाले विहिरीचं पानी कुठवर आलं ते त ठाऊक रायते, बाई."

एसटीचं एवढं काय, तर तो आमच्या कंपनीचा एकमेव नियम होता. चूक ज्याची, एसटी त्याची. डबा बिघडला आणि त्यात कंपनीची चूक निघाली, की ज्याच्या हातून ती झाली त्यानं स्वतः त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन सांगायचं. फोनवर नाही. दुसऱ्याला पाठवून नाही. मोटारसायकलनं नाही, कारण "गाडीवर गेलं की मानूस लवकर पोचते अन् लवकर पळते." सोबत पेढ्याचा पुडा न्यायचा नाही. 'कंपनीकडून' म्हणायचं नाही, 'माझ्याकडून' म्हणायचं. परत आल्यावर कोणी काही विचारायचं नाही. सकाळी चहाच्या वेळी आम्ही गच्चीवर गोल बसायचो. तक्रार आलेली असली तर भाऊ कपात बघत विचारायचे, "एसटी कोनाची?" एक हात वर जायचा. पुढची चर्चा डब्याची.

या गोष्टीची कुठे नोंद नसे. मी एक वही घातली होती, कोणती चूक कधी झाली याची. भाऊंनी ती कपाटावर टाकून दिली. "लिहून ठेवली की चूक वहीची होते. सांगतली की आपली रायते."

माझी पहिली एसटी लोणारची. माझ्या प्रोग्राममध्ये दोन संदेशांची अदलाबदल झाली होती. मोटर सुरू झाली की 'बंद झाली' असा निरोप जायचा. तिथले एक म्हातारे काका आठवडाभर दर वेळी विहिरीपर्यंत चालत जाऊन खात्री करत होते. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. म्हटलं, काका, चूक माझ्याकडून झाली. ते आत वळून म्हणाले, "अवं, पाट टाक. पोरगी मलकापूरहून आली." जेवण झाल्यावर विचारलं, "सरोवर पाह्यलं का?" मी नाही म्हटलं. "एवढी आली त पाहून जा." त्या काकांनी पुढे त्यांच्या भावकीत चार डबे लावले. मी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून रडले होते, कशासाठी ते तेव्हा कळलं नव्हतं. पण मला हलकं वाटत होतं, एवढं नक्की.

तीन वर्षांत माझ्या पाच एसट्या झाल्या. सहावी मी चुकवली.

गच्चीवर एक निळा ड्रम होता आणि त्यात एक छोटा पंप. नवा डबा तयार झाला की त्यावर चालवून पाहायचो. पण तो पंप इतका छोटा की डब्याला वाटायचं पाणी संपलं, आणि तो सारखा बंद पडायचा. म्हणून तपासणीपुरतं मी प्रोग्राममधलं ते कोरड्या मोटरीचं संरक्षण काढून ठेवायचे आणि डबा बाहेर पाठवताना परत घालायचे. एप्रिलच्या शेवटी एका आठवड्यात तीन डबे तयार झाले आणि मी ते परत घालायला विसरले. शुक्रवारी लक्षात आलं. दोन डबे कपाटातच होते, ते मी गुपचूप दुरुस्त केले. तिसरा बुधवारीच प्रशांत धामणगाव बढ्याला एका काकूंच्या विहिरीवर बसवून आला होता. प्रशांत म्हणजे नांदुऱ्याचा, भाऊंचा सगळ्यात पहिला माणूस, बसवण्याचं काम तोच पाही.

शनिवारी सकाळी मोताळ्याची गाडी होती, तिथून बदलून धामणगाव. मला त्या गाडीची वेळ पाठ होती. त्या सकाळी मी पुण्याला जायची बॅग भरत होते, कारण सोमवारी एका मोठ्या कंपनीत माझी मुलाखत होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. वाटलं, बुधवारी आल्यावर जाऊ. चार दिवसांत काय होतंय. नुसता फोन केला असता, काकू, दोन-चार दिवस मोटर सोडून घरी जाऊ नका, तरी भागलं असतं. पण फोन केला असता तर का, ते सांगावं लागलं असतं.

मंगळवारी धामणगावहून फोन आला. विहिरीचं पाणी संपलं, मोटर फिरत राहिली आणि जळाली. नुकतीच लावलेली मिरचीची रोपं, वर मे महिन्याचं ऊन.

बुधवारी सकाळी मी गच्चीवर बसले होते. पुण्याहून होकार आलेला होता. भाऊंनी कपात पाहिलं आणि विचारलं, "एसटी कोनाची?"

एकही हात वर गेला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. भाऊंनी कप खाली ठेवला आणि परत विचारलं. मग प्रशांत आपल्या तळव्यांकडे पाहत म्हणाला, "भाऊ, माही असू शकते. वायरिंगमंदी काही राह्यलं असन."

"असू शकते असं नसते, मालक. हाय का?"

"आठवत नाई."

"मंग तुही नाई."

माझा हात मांडीखाली होता. मला आजही तो मांडीखालचा हात आठवतो. उचलला असता तर काय झालं असतं? भाऊंनी मान हलवली असती, मी गाडीत बसले असते, संध्याकाळी परत आले असते. भाऊंना फोन करून चौकशी करू, असं पुण्याच्या लोकांनी मला कळवलं होतं, त्याची मला भीती वाटली, हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं. ते खोटं होतं. पुण्याला निघालेल्या माणसाला धामणगावच्या ओसरीवर खाली मान घालून बसायची लाज वाटली, हे खरं.

भाऊ उठले, टोपी घातली, म्हणाले, "बरं. मंग माही." गुडघा दुखायचा त्यांचा. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी ते उतरले. पुढच्या दोन दिवसांत कंपनीनं नवी मोटर बसवून दिली, पण तोवर रोपं गेली होती.

महिनाभर मी गच्चीवर सकाळच्या चहाला जायचं टाळलं. मग राजीनामा दिला. भाऊ म्हणाले, "जा. मोठ्या विहिरीत पोहून पाहा." पुण्याच्या कंपनीला अनुभवाचं पत्र हवं होतं. भाऊंनी ते स्वतः, मराठीत, हातानं लिहिलं. मला दिलं तेव्हा पाकीट बंद नव्हतं. आत दोन ओळी होत्या. 'यांनी इथे तीन वर्षे काम केले. यांच्या हातून चूक झाली तर या स्वतः सांगतात.' मी ते उभ्यानं वाचलं आणि थँक्यू म्हटलं. त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरले, त्यांना ते आवडत नसे. पुण्याच्या ऑफिसात कागदपत्रं घेणारी मुलगी ते पत्र बघून हसली, म्हणाली इंग्रजीत आणा. प्रशांतनं दुसरं टाइप करून पाठवलं. पहिलं माझ्याकडे आहे. ते मी कोणाला दाखवलेलं नाही.

पुण्याबद्दल तक्रार करावी असं काही नाही. इथे चूक झाली की बैठक बसते, तीस लोक स्क्रीनवर येतात, प्रक्रियेतली त्रुटी शोधली जाते, ती सापडतेही. माणसाचं नाव घ्यायचं नाही असा इथला नियमच आहे आणि तो चांगल्या हेतूनं केलेला आहे. पहिल्या वर्षी मला सुटल्यासारखं वाटलं. लग्न ठरवताना कुणाला काही शोधावं लागलं नाही. भाऊंना फोन करायचा, आज करू, रविवारी करू, असं करत सहा वर्षं गेली. दिवाळीला मेसेज टाकायचे. त्यांचं उत्तर यायचं, 'जेवली का?'

जानेवारीत प्रशांतचा मेसेज आला. भाऊ गेले. मी तेरवीला गेले. त्यांच्या अंगणात डबे लावलेली किती तरी गावं बसली होती. जेवणं झाल्यावर मी प्रशांतला बाजूला घेऊन विचारलं, एसटीचा नियम अजून चालू आहे का.

"तू गेली त्याच्या आधीच बंद झाला ना," तो म्हणाला. "धामनगावच्या वक्तापासून. भाऊनं मंग कधी इचारलंच नाई कोनाची म्हनून. तक्रार आली की सोताच उठायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावरबी. आमी हात वर केले तं म्हनत, राहू द्या."

"त्या जळलेल्या मोटरीवरचा डबा?"

"कपाटात हाय अजून. मी म्हटलं होतं, उघडून पाहू, काय झालं ते कळन. नाई उघडू देल्ला. म्हने, उघडला की नाव निघन. नाव असं काढाचं नसते, त्यानं द्याचं असते."

मी प्रशांतला तिथंच सांगितलं. सहा वर्षं त्याला वाटत होतं की वायरिंग त्याचंच चुकलं. मग तो म्हणाला, "मले सांगून काय फायदा? भाऊ त गेले." आणि पत्रावळी उचलायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मोताळ्याची गाडी धरली. धामणगावात काकूंचं घर सापडायला वेळ लागला नाही. पन्नाशीच्या बाई, ओसरीवर वाळलेल्या मिरचीची देठं खुडत बसल्या होत्या. मी कंपनीचं नाव सांगितलं. "भाऊची मानसं का? ये माय, बस. गेले म्हने भाऊ. देवमानूस." पाणी दिलं. मी काही विचारायच्या आत त्याच सांगू लागल्या. मोटर जळाली तेव्हा घरात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. नवरा म्हणत होता, तूच मोटर चालू करून विसरली असशील. सासू म्हणत होती, हिलेच यंत्राची हौस होती, पायी जावाचं जिवावर येत होतं. "भाऊ आले अन् सगळ्याइच्या पुढं म्हनले, बाईनं काई केलं नाई, चूक माही हाय. त्या दिवसापासून या घरात मले त्या मोटरीवरून कोनी बोललं नाई. भाऊ खोटं नाई बोलत, हे म्हातारीलेबी ठाऊक."

मी आवाज खाली आणून म्हटलं, "काकू, ती चूक भाऊंची नव्हती. माझी होती. तेव्हा मी बोलले नाही."

त्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं. आत अंधारात खाटेवर सासू होती, खोकला ऐकू येत होता.

"मंग भाऊ आमच्याशी खोटं बोलले?" त्या कुजबुजल्या. "बाई, तू खरी असशीन. पन तुले इथं कोन ओळखते? हे आत गेलं तं म्हातारी काय म्हनन? म्हनन, भाऊनं दया खाऊन हिच्यासाठी खोटं सांगतलं. मंग हिची चूक नव्हती, हेबी खोटंच."

आतून आवाज आला. "कोन आलं वं? काय म्हनते?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं धरून ठेवलेलं मी नुकतंच बाहेर काढलं होतं.

"मलकापूरहून आले आजी," मी आत ऐकू जाईल असं म्हटलं. "भाऊंच्या कंपनीतून. ती मोटर जळाली ना, त्यात चूक भाऊंचीच होती. तेच बोलत होतो."

"हाव, ते सांगून गेलते," म्हातारी म्हणाली.

काकू परत देठं खुडू लागल्या. माझी चूक मी भाऊंच्या माथी दुसऱ्यांदा मारली. पहिल्यांदा गप्प राहून मारली होती, या वेळी बोलून.